मलेरिया कुणाच्या जिवावर बेततो आणि कुणाला नुसता ताप येऊन जातो, हे कशावर ठरतं?

केनियाच्या किनाऱ्यावर किलिफी नावाचं गाव आहे. तिथे आणि आफ्रिकेतल्या असल्या हजारो गावांमध्ये एक गोष्ट कायम दिसते. एकाच घरातली दोन भावंडं, एकाच खोलीत झोपणारी, तेच डास चावलेले, आणि एकाला दोन-तीन दिवस ताप येऊन उतरतो तर दुसरं बेशुद्ध पडतं, झटके येतात, उचलून हॉस्पिटलला न्यावं लागतं. आणि त्यांच्या आजीच्या रक्तात पण मलेरियाचा पॅरासाइट असतो बरं का, तपासलं तर सापडतो, पण आजी मस्त शेतात काम करतेय, तिला साधी कणकण पण नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये जगात मलेरियाच्या सुमारे २६ कोटी ३० लाख केसेस झाल्या आणि सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली. म्हणजे हजार केसेसमागे दोन-तीन मृत्यू. पण हे दोन-तीन सगळ्यांमध्ये सारखे वाटले गेलेले नाहीत, त्यातली बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची पोरं आहेत. मग विचारलं की असं का, तर उत्तर मिळतं "लहान मुलांची प्रतिकारशक्ती कमी असते". हे चूक नाहीये, पण एवढ्यावर थांबलं की खरी गंमत हातातून सुटते, कारण प्रश्न शक्ती किती आहे एवढाच नाही, ती नेमकं कुणाला ओळखते हा आहे. आणि ते समजायला आधी पॅरासाइटकडे बघावं लागतं, त्याच्या अंगावर काय आहे ते.

मलेरियाचे पॅरासाइट अनेक प्रकारचे असतात, मी इथे बोलतोय तो फाल्सिपेरम, सगळ्यात जीवघेणा. डास चावला की तो आधी लिव्हरमध्ये जातो, तिथे वाढतो, मग रक्तात येऊन तांबड्या पेशींमध्ये शिरतो. आता लपायला तांबडी पेशी म्हणजे एकदम भारी जागा आहे. बाकीच्या पेशी आपल्या आत काय चाललंय त्याचे नमुने सतत बाहेर लावत असतात आणि पांढऱ्या पेशी ते तपासत फिरतात, पण तांबड्या पेशीत केंद्रकच नाही आणि ही नमुने लावायची यंत्रणा पण नाही, त्यामुळे आत कोण बसलंय ते बाहेरून कळत नाही. साधारण ४८ तास आत राहायचं, हिमोग्लोबिन खायचं, एकाचे १५-२० व्हायचं, पेशी फोडून बाहेर पडायचं आणि नवीन पेशीत शिरायचं.

मग असा आरामात लपलेला असताना हा पॅरासाइट पेशीच्या बाहेरच्या बाजूला स्वतःचं प्रोटीन का लावतो? म्हणजे आपण इथे आहोत हे स्वतःच का दाखवतो? मला ह्या सगळ्या विषयातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

त्याचं कारण आहे पानथरी, म्हणजे प्लीहा (स्प्लीन). पानथरीचं एक काम म्हणजे रक्तातल्या म्हाताऱ्या, कडक झालेल्या तांबड्या पेशी गाळून काढणं. पॅरासाइट आत वाढायला लागला की पेशी कडक होते, अशी पेशी पानथरीतून जायला गेली की अडकते आणि संपते. म्हणून पहिला साधारण एक दिवस, पेशी लवचिक असेपर्यंत, तो रक्तात फिरतो, आणि त्यानंतर पेशीच्या बाहेर चिकट प्रोटीन काढून एखाद्या बारीक रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतो, म्हणजे पानथरीकडे जायलाच नको. ह्या प्रोटीनचं नाव पीएफ-ईएमपी-१. म्हणूनच फाल्सिपेरमच्या पेशंटची स्लाइड बघितली तर बहुतेक वेळा फक्त लहान अंगठीसारखे पॅरासाइट दिसतात, मोठे झालेले सगळे कुठेतरी भिंतींना चिकटलेले असतात, आणि स्लाइडवर थोडे दिसले म्हणजे शरीरात थोडेच आहेत असं अजिबात धरून चालत नाही.

म्हणजे त्याची कोंडी अशी आहे की चिकटलं नाही तर पानथरी मारते, आणि चिकटायला प्रोटीन बाहेर काढलं तर अँटीबॉडी ते ओळखून मारतात. ह्या कोंडीतून त्याने काढलेली वाट म्हणजे व्हर जीन्स.

हे जीन्स १९९५ मध्ये सापडले. एका पॅरासाइटकडे पीएफ-ईएमपी-१ बनवणारे साधारण ६० वेगवेगळे जीन्स असतात आणि एका वेळी त्यातला एकच चालू, बाकीचे बंद. आपल्याकडचा बहुरूपी आठवा, सोंगं त्याच्याकडे ढीगभर पण दारात उभा राहतो तेव्हा एकच घेतलेलं असतं, आज पोलीस, उद्या वैद्य, तसंच हे. शरीराला एक सोंग ओळखायला एक-दोन आठवडे लागतात, अँटीबॉडी तयार होतात, ते सोंग घेतलेले पॅरासाइट मारले जातात, पण तोपर्यंत त्यांच्यातल्याच थोड्यांनी दुसरं सोंग घेतलेलं असतं आणि ते वाचतात, वाढतात, परत ताप. लॅबमध्ये अँटीबॉडीचा काहीही दबाव नसताना सुद्धा दर पिढीला साधारण दोन टक्के पॅरासाइट सोंग बदलतात असं १९९२ मध्ये मोजलं गेलं होतं. म्हणजे शरीराने हल्ला केला म्हणून तो घाबरून बदलतो असं नाही, बदलणारे थोडे कायम असतातच, हल्ला झाला की तेवढेच मागे उरतात.

हे लाटांचं चित्र माणसात फार स्पष्ट दिसलं ते एका विचित्र कारणामुळे. पेनिसिलिन यायच्या आधी मेंदूपर्यंत गेलेल्या सिफिलिसवर उपाय म्हणून पेशंटला मुद्दाम मलेरिया द्यायचे, जोरदार ताप आला की सिफिलिसचे जंतू मरतात म्हणून, आणि व्हिएन्नाच्या वाग्नर-यौरेग ह्यांना त्याबद्दल १९२७ चं नोबेल पण मिळालं. पुढे अमेरिकेत ह्या पेशंटचं रक्त रोज तपासून आकडे लिहून ठेवले गेले, त्यात काही जणांना फाल्सिपेरम दिलेला होता, आणि त्या आकड्यांचा आलेख काढला तर वर खाली, वर खाली असं कित्येक महिने चाललेलं दिसतं, आणि हळूहळू लाटा लहान होत जातात.

(ही युक्ती फक्त मलेरियाची नाही. आफ्रिकेतल्या झोपेच्या आजाराचा ट्रिपॅनोसोम तर ह्याच्यापेक्षा मोठा खेळाडू आहे, त्याच्याकडे असले दोन हजारांच्या वर जीन्स आणि तुकडे आहेत. मलेरियाचं डासाशी नातं ज्यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला सिद्ध केलं त्या रोनाल्ड रॉस ह्यांनीच पुढे १९१० मध्ये एका पेशंटच्या रक्तातले ट्रिपॅनोसोम रोज मोजून ह्या लाटा दाखवल्या होत्या. जीन्सचा पत्ता नव्हता तेव्हा, नुसतं मायक्रोस्कोप आणि चिकाटी.)

आता आजार किती गंभीर होतो ह्याचा ह्याच्याशी संबंध काय, तर सगळी सोंगं सारखी नसतात. प्रोटीन बदललं की फक्त दिसणं बदलत नाही, ते कुठे चिकटतं तेही बदलतं.

बहुतेक पीएफ-ईएमपी-१ सीडी-३६ नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीवरच्या पकडायच्या जागेला, चिकटतात. हा रिसेप्टर त्वचेखालच्या, स्नायूंच्या वगैरे बारीक रक्तवाहिन्यांमध्ये भरपूर असतो आणि मेंदूत जवळजवळ नसतो. तिथे पॅरासाइट चिकटून बसले तर ताप येईल, अंग दुखेल, पण सहसा जिवावर बेतत नाही. पण काही प्रकार, ज्यांना शास्त्रज्ञ ग्रुप ए म्हणतात ते आणि त्यांच्यासारखे काही, ते ईपीसीआर नावाच्या दुसऱ्याच रिसेप्टरला चिकटतात, हे २०१३ मध्ये लक्षात आलं. ईपीसीआर मेंदूतल्या रक्तवाहिन्यांमध्ये पण असतो आणि त्याचं रोजचं काम फार मोलाचं आहे, प्रोटीन सी नावाच्या पदार्थाला कामाला लावून तो रक्ताच्या गुठळ्या होऊ देत नाही, सूज आवरतो, रक्तवाहिनीची भिंत गळू देत नाही. पॅरासाइट नेमका त्याच जागेवर बसला की वाट तर अडतेच, वर संरक्षणाचं काम पण बंद पडतं, भिंत गळायला लागते, आजूबाजूला पाणी साठतं.

आणि मेंदू कवटीत बंद आहे, सुजायला जागा नाही. मलावीमधल्या ब्लांटायरच्या हॉस्पिटलमध्ये मेंदूचा मलेरिया झालेल्या मुलांचे एमआरआय काढले गेले, २०१५ मध्ये ते प्रसिद्ध झालं, त्यात जी मुलं दगावली त्यातल्या बहुतेकांचा मेंदू प्रचंड सुजलेला होता, इतका की श्वास चालवणाऱ्या भागावर दाब येतो. जी वाचली त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची सूज एक-दोन दिवसांत उतरत होती. एखाद्या मुलाच्या आयुष्यातला सगळा फरक त्या एक-दोन दिवसांत आहे, हे वाचलं तेव्हा मला फार अस्वस्थ व्हायला झालं.

अर्थात सोंगावरच सगळं ठरतं असं कुणी म्हणत नाही. उपचार किती लवकर मिळाले, पॅरासाइट एकूण किती झाले, मुलाला ॲनिमिया आहे का, शरीर स्वतःच किती भडकतं, हे सगळं आहेच. पण गंभीर आजारी मुलांच्या रक्तातले पॅरासाइट कोणते व्हर जीन्स वापरतायत ते वेगवेगळ्या देशांत तपासलं तर ईपीसीआरला चिकटणारे परत परत वर येतात, त्यामुळे हा योगायोग मानता येत नाही.

आता आजी आणि नातवंडांकडे येऊ.

किलिफीमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेलं एक काम मला ह्या विषयात सगळ्यात सुंदर वाटतं. संशोधकांकडे मुलांचं आजारी पडायच्या आधीचं रक्त साठवलेलं होतं. नंतर त्यातली काही मुलं आजारी पडली तेव्हा त्यांच्या अंगातले पॅरासाइट घेतले आणि विचारलं, ह्या मुलाच्या आधीच्या रक्तात हे सोंग ओळखणाऱ्या अँटीबॉडी होत्या का? तर बहुतेक वेळा नव्हत्या. दुसऱ्या मुलांचे पॅरासाइट ओळखणाऱ्या असायच्या, पण ज्याने त्याला पाडलं तो ओळखणाऱ्या नसायच्या. म्हणजे प्रत्येक मुलाच्या इम्युनिटीत भोकं असतात आणि पॅरासाइट बरोबर त्या भोकातून आत येतो. "ह्याची इम्युनिटी चांगली आहे, त्याची वाईट" असं सरसकट बोलतो ना आपण, ते इथे चालतच नाही, कुणाच्या यादीत कुठलं सोंग नोंदलंय आणि कुठलं राहिलंय हे बघावं लागतं.

त्याच गटाने पुढे आणखी एक गोष्ट दाखवली. गंभीर आजारी आणि अगदी लहान मुलांमधून घेतलेले पॅरासाइट त्या भागातल्या खूप लोकांच्या रक्ताने ओळखले जातात. म्हणजे जीवघेणी सोंगं दुर्मिळ नाहीत, उलट ती सगळ्यात नेहमीची आहेत, गावातल्या जवळजवळ प्रत्येकाने ती लहानपणी कधीतरी झेललेली असतात! नीट विचार केला तर पटतं. जे प्रोटीन चांगलं घट्ट चिकटतं ते पॅरासाइटला पानथरीपासून उत्तम वाचवतं, त्यामुळे ज्या शरीरात अजून कुठल्याच अँटीबॉडी नाहीत तिथे तेच सोंग सगळ्यात वेगाने वाढतं आणि पहिला नंबर लावतं. तेच घट्ट चिकटणं मुलाला मात्र महागात पडतं. मग मूल वाचलं तर त्या सोंगाच्या अँटीबॉडी तयार होतात, पुढच्या वेळी पॅरासाइटला ते चालत नाही, कमी चिकटणारी, कमी नेहमीची सोंगं काढावी लागतात, आणि त्याने आजार होतो पण हलका. असं करत करत आजीच्या वयापर्यंत यादी इतकी भरते की पॅरासाइट कसाबसा जीव धरून राहतो, त्यालाही धड वाढता येत नाही आणि आजीलाही कळत नाही.

किलिफीच्या कामाशी जोडलेल्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये हिशोब मांडला होता की मेंदूचा मलेरिया सोडून बाकीच्या गंभीर मलेरियाविरुद्धची इम्युनिटी एक-दोन इन्फेक्शनमध्येच यायला लागत असावी. त्या एक-दोन नंतरही गंभीर आजार होऊ शकतो असं पुढे इतर ठिकाणी दिसलं, त्यामुळे तो आकडा दगडावरची रेघ समजू नका, पण क्रम मात्र टिकला आहे: आधी मरणापासून संरक्षण येतं, मग खूप वर्षांनी तापापासून, आणि पॅरासाइट अजिबात न होण्यापासून तर जवळजवळ येतच नाही.

मालीमध्ये ह्याचं एक टोक दिसतं. तिथे कोरडा ऋतू कित्येक महिन्यांचा, डास नाहीत, मग पॅरासाइट राहतो कुठे, तर न आजारी पडलेल्या लोकांच्या रक्तात. २०२० मध्ये दाखवलं गेलं की कोरड्या दिवसांतले हे पॅरासाइट कमी चिकटतात, पेशी जास्त वेळ रक्तात फिरत राहतात, पानथरी त्यातल्या बऱ्याच काढून टाकते आणि संख्या इतकी कमी राहते की माणूस आजारी पडत नाही. पाऊस आला, डास आले की परत सुरू.

पण ही भरलेली यादी एका वेळी अचानक अपुरी पडते. पहिलटकरीण बाई, लहानपणापासून मलेरिया झेलून मोठी झालेली, अँटीबॉडी भरपूर, आणि गरोदर राहिली की परत मलेरिया गाठतो. १९९६ मध्ये पश्चिम केनियात काम करणाऱ्या दोघांनी दाखवलं की वारेत (प्लासेंटामध्ये) साठलेले पॅरासाइट सीडी-३६ ला चिकटतच नाहीत, ते वारेतल्या एका वेगळ्याच साखरेसारख्या पदार्थाला चिकटतात, आणि त्यासाठी एक ठराविक व्हर जीन लागतो, व्हर-टू-सीएसए, जो २००३ मध्ये ओळखला गेला. वार ही तिच्या शरीरात नवीनच जागा आहे, हे सोंग आधी कधी उपयोगाचंच नव्हतं म्हणून तिच्या यादीत नाही. त्यामुळे पहिल्या बाळंतपणात आईला ॲनिमिया, बाळाचं वजन कमी, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी अँटीबॉडी तयार असल्यामुळे त्रास कमी. त्याच गावातल्या पुरुषांच्या रक्तात ह्या अँटीबॉडी सहसा सापडत नाहीत. सोंग, चिकटायची जागा, आजार आणि इम्युनिटी ह्या चारही गोष्टी इतक्या स्वच्छपणे एका ओळीत दुसरीकडे कुठे दिसत नाहीत.

माणसाच्या बाजूनेही ह्या प्रोटीनला शह दिले गेलेत, हजारो वर्षांत, आणि इथे आपला महाराष्ट्र थेट येतो. सिकलसेलचा एक जीन असलेले वाहक गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार ह्या भागात भिल्ल, पावरा, माडिया, गोंड अशा समाजांमध्ये बरेच आहेत. आफ्रिकेतल्या अभ्यासांमध्ये अशा वाहक मुलांना गंभीर फाल्सिपेरम मलेरियाचा धोका जवळपास ९० टक्के कमी दिसतो. त्याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत, पण एक असं की त्यांच्या तांबड्या पेशीत पॅरासाइटला पीएफ-ईएमपी-१ पेशीच्या बाहेर नीट मांडता येत नाही, कमी आणि वेडंवाकडं लागतं, मग चिकटणं सैल पडतं. मात्र हे फक्त वाहकांबद्दल आहे हं, ज्यांना दोन्हीकडून जीन मिळून सिकलसेलचा आजारच आहे त्यांना मलेरिया झाला तर तो फार धोक्याचा असतो, ह्यात गल्लत करू नका. रक्तगटाचंही तसंच, काही पॅरासाइट आजूबाजूच्या चांगल्या तांबड्या पेशी स्वतःभोवती गोळा करून गुच्छ करतात, ए आणि बी गटात हे गुच्छ घट्ट होतात, ओ गटात सैल. मालीमधल्या २००७ च्या अभ्यासात ओ गटाच्या मुलांना गंभीर मलेरियाचा धोका सुमारे ६६ टक्के कमी निघाला. धोका कमी म्हणजे धोका नाही असं नव्हे, ओ गटवाल्यांनी मच्छरदाणी काढून ठेवू नये.

आपल्याकडे शहरात जो मलेरिया बऱ्याचदा ऐकू येतो तो व्हायव्हॅक्स, त्याच्याकडे पीएफ-ईएमपी-१ नाहीच, तो वेगळी प्रोटीन्स बदलतो आणि फाल्सिपेरमसारखा मेंदूत गच्च बसत नाही. पण नोकरी-धंद्यासाठी आपली बरीच मंडळी नायजेरिया, टांझानिया, युगांडा, काँगोला जातात, त्यांच्यासाठी वरचं सगळं फार कामाचं आहे. चाळीस वर्षांचा धडधाकट माणूस पुण्याहून लागोसला गेला तर फाल्सिपेरमच्या बाबतीत त्याची यादी कोरी आहे, तिथल्या अजून एकदाही मलेरिया न झालेल्या पोराइतकीच. तिथला सहकारी "अरे मलेरिया काय, आम्हाला दरवर्षी होतो" म्हणतो ते त्याच्यापुरतं खरं असतं. तेव्हा जायच्या आधी डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळ्या घ्या, आणि परत आल्यावर काही आठवड्यांत, अगदी दोन-तीन महिन्यांनी सुद्धा, ताप आला तर त्याच दिवशी टेस्ट करा आणि आफ्रिकेत होतो हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. आणि तिथे वाढलेला माणूस सुद्धा युरोपात वगैरे खूप वर्षं राहिला की त्याचं संरक्षण बरंच उतरतं, सुट्टीला गावी गेला की आजारी पडतो.

मग लस ह्या प्रोटीनवर का नाही? ६० सोंगं एका पॅरासाइटची, दुसऱ्या पॅरासाइटची ६० वेगळी, शिवाय हे जीन्स आपसात तुकडे बदलून सतत नवीन बनत असतात. म्हणून आज वापरात असलेल्या दोन्ही लशी, २०२१ मध्ये शिफारस मिळालेली आरटीएस,एस आणि २०२३ ची आर-२१, जी ऑक्सफर्डने तयार केली आणि आपल्या पुण्याचं सीरम इन्स्टिट्यूट बनवतं, त्या ह्या भानगडीत पडतच नाहीत. डास चावल्यावर लिव्हरकडे जाणाऱ्या पॅरासाइटच्या अंगावर एक वेगळं, बऱ्यापैकी एकसारखं राहणारं प्रोटीन असतं, त्या त्यालाच धरतात. गरोदरपणातल्या मलेरियासाठी व्हर-टू-सीएसए वर दोन लशींच्या सुरुवातीच्या चाचण्या झाल्या, अँटीबॉडी तयार झाल्या पण जास्त करून लशीत वापरलेल्या प्रकारावरच नीट चालल्या, इतर प्रकारांवर कमी.

आणि तरी मला आशा वाटते ती ईपीसीआरमुळेच. सोंग कितीही बदललं तरी ईपीसीआरला चिकटायचं असेल तर प्रोटीनचा तो एक भाग ठराविक आकाराचाच ठेवावा लागतो, तिथे पॅरासाइटला मनमानी करता येत नाही. २०२४ मध्ये मलेरिया झेलून इम्यून झालेल्या दोन वेगवेगळ्या माणसांच्या रक्तातून काढलेल्या दोन अँटीबॉडींचं वर्णन आलं, सी-७ आणि सी-७४, ज्या एकमेकांपासून खूप वेगळी असलेली ईपीसीआरवाली प्रोटीन्स अडवतात. दोघी पकडतात ती जागा जवळजवळ एकच, त्यात तीन अमायनो ॲसिड (प्रोटीन ज्यांच्या माळेने बनतं ते मणी) अशी की ती सगळ्या प्रकारांत बहुतेक तीच राहतात. लॅबमध्ये बनवलेल्या मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांमधून पॅरासाइट असलेल्या पेशी वाहवल्या तर ह्या अँटीबॉडी असताना त्यांचं चिकटणं थांबलं. म्हणजे आजीचं शरीर इतक्या वर्षांत फक्त एकेक सोंगाची नोंद करत बसलेलं नसावं, कुठेतरी त्याने सोंगाआडची ती न बदलणारी खूण पण पकडलेली असावी, आणि आता लशीत नेमकी तेवढीच खूण कशी दाखवायची ह्यावर काम चालू आहे.